खाऱ्या हवेत घोड्याचा ट्रेलर सांभाळताना : जागा, कुलपे आणि कॅमेरे

घोडे नेण्याआणण्यासाठी स्वतःचा ट्रेलर बाळगणारी माणसे कोकणात मोजकीच आहेत. नागाव, काशीद, मुरूडच्या पुळणीवर सवारी देणारे बहुतेक जण आपली जनावरे टेम्पोतून किंवा पिकअपमधून आणतात. ट्रेलर दिसतो तो अलिबागकडच्या एखाद्या वाडीत, जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवून उभा केलेला. वर्षातले थोडेच दिवस तो रस्त्यावर असतो आणि पावसाचे चार महिने तर जागचा हलतही नाही. त्यामुळे त्याच्या सुरक्षेचा विचार तो उभा असतानाच्या दिवसांपासून सुरू करावा लागतो. कॅमेरा त्यानंतरचा. आधी कॅमेरा विकत घेऊन मग तो कुठे लावावा, याचा विचार करणारे मी बरेच पाहिले आहेत आणि एके काळी मीही त्यांच्यातलाच होतो.

ट्रेलरला इंजिन नसते आणि स्टिअरिंगचे कुलूपही नसते. कपलिंग, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडायचा पुढचा भाग, साधारणपणे ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसते आणि तसा गोळा मागे असलेली कोणतीही गाडी तो दोन-तीन मिनिटांत ओढून नेऊ शकते. मात्र अख्खा ट्रेलर जाण्यापेक्षा त्याचे सुटे भाग जाण्याची भीती आपल्याकडे अधिक असते. बॅटरी, स्टेपनी, मागचे दिवे, पुढचे टेकूचाक, आत विसरलेले खोगीर आणि लगाम, हे सगळे भंगारात किंवा ओळखीत सहज खपते. शिवाय कुलपाला न जुमानणारी खारी हवा आहेच. ती बिजागऱ्या, ब्रेकची केबल आणि विजेचे जोड वर्षभर खात असते, म्हणून येथे सांगितलेल्या प्रत्येक उपायाला गंजाचा हिशेब जोडलेला आहे.

जागा निवडताना पहिल्यांदा वर बघावे. माडाखालची सावली थंड असली तरी सोललेला नसलेला नारळ उंचावरून पडला, तर पत्र्याला पोचा पडतो आणि फायबरचे छप्पर तडकते. झावळी पडली तरी छतावरचा दिवा किंवा कॅमेरा जातोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाड्यांमधले माड आणि पोफळी कशा आडव्या झाल्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यानंतर खाली बघावे. खाडीच्या किंवा वहाळाच्या काठची सपाट जागा उन्हाळ्यात सोयीची वाटते. पण मोठ्या पावसात आणि भरतीच्या वेळी पाणी कुठवर चढते, ते शेजारच्या वयस्कर माणसाला विचारून त्याच्या वर चार हात जागा धरावी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात उभी वाहने पाण्याखाली गेली. चाकांच्या बेअरिंगमध्ये एकदा गढूळ पाणी शिरले की ती खोलून, धुऊन, नवे ग्रीस भरल्याशिवाय त्या ट्रेलरमध्ये जनावर चढवू नये.

ट्रेलरचे तोंड, म्हणजे कपलिंगची बाजू, भिंतीकडे करून उभा करावा. असे केल्याने दुसरी गाडी मागे घेऊन जोडायला जागाच उरत नाही. भिंत नसेल तर जमिनीत लोखंडी खांब रोवून त्याला साखळी बांधावी. मात्र तो खांब सिमेंट काँक्रीटच्या खड्ड्यात असावा. गडग्याच्या चिऱ्यात ठोकलेली कडी दिसायला भक्कम दिसते, पण जांभा ठिसूळ असल्याने पहारीच्या दोन हिसक्यांत ती चिऱ्याच्या तुकड्यासकट बाहेर येते. उभ्या ट्रेलरचा हातब्रेक महिनोन्‌महिने ओढून ठेवू नये, कारण दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. त्याऐवजी दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. पावसाळ्यात ट्रेलर वापरायचाच नसेल, तर आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांतच तो लोखंडी स्टँडवर चढवून चाके काढून घरात ठेवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. यात टायरही वाचतात. नुसत्या चिऱ्यांवर मात्र टेकवू नये. टेकूचे वजन एका टोकावर आले की चिरा कडेने फुटतो, म्हणून मध्ये जाड फळी हवी.

आता कुलपांकडे वळू. कपलिंगमध्ये बसणारे कुलूप आणि चाकाला पकडणारा जबडा ही दोन्ही वेगवेगळी साधने आहेत आणि दोन्ही लावावीत. पहिले तोडायला लागणारी हत्यारे दुसऱ्याला पुरत नाहीत, आणि जितका वेळ अधिक लागेल तितका आवाज अधिक होतो. साध्या कुलपाची कडी निदान ११-१२ मिलिमीटर जाडीची घ्यावी. कठीण केलेल्या पोलादाची कडी कापायला अवघड असते पण गंजते, आणि स्टेनलेस स्टीलची गंजत नाही पण तुलनेने लवकर कापली जाते. मी पहिल्या प्रकारची घेतो आणि तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झडपेसारखा लावतो, म्हणजे पाऊस थेट कुलपात शिरत नाही. कुलपात खोबरेल तेल सोडायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडावी. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागते, धूळ धरते आणि काही महिन्यांत आतल्या खिट्ट्या जाम करते. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी महिन्यातून एकदा पुरते.

कुलपांचा एक नियम मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मे महिन्यात घोडी घेऊन फेरीबोटीने खाडी ओलांडायची होती आणि वाटेत कुणी फळी उघडू नये, म्हणून मी मागच्या फळीच्या, म्हणजे खाली पाडून घोडा चढवायच्या दाराच्या, दोन्ही खटक्यांना कुलपे लावली होती. धक्क्यावर रांगेत तासभर गेला. उन्हाने पत्रा तापला, घोडी पुढचा पाय आपटू लागली आणि तिला खाली घ्यावे म्हणून किल्ली फिरवली, तर डावे कुलूप फिरेना. त्या कुलपाने आधीचा पूर्ण पावसाळा ट्रेलरवरच काढला होता. शेवटी धक्क्याजवळच्या एका गॅरेजमधून ग्राइंडर आणून, घोडीच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर ठिणग्या उडवत ते कापावे लागले. फळीच्या फटीवर भिजलेले गोणपाट धरून मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, तिच्याशी बोलत राहिला, म्हणून ती उधळली नाही. तेव्हापासून जनावर आत असताना एकाही दाराला किल्लीचे कुलूप लावायचे नाही, असे मी ठरवले. प्रवासात खटक्यातून सुरक्षा-पिन किंवा स्क्रूची कडी घालावी, जी बाहेरून कोणालाही दहा सेकंदांत काढता येईल. कुलूप रिकाम्या ट्रेलरसाठीच.

ओळखीच्या खुणांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरची नोंदणी ओढणाऱ्या गाडीपासून स्वतंत्र असते, त्यामुळे त्याची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रेही स्वतंत्र जपावी लागतात. चासिसवर ठोकलेला क्रमांक किनाऱ्यावर काही वर्षांत गंजाखाली दिसेनासा होतो. तो तारेच्या ब्रशने नव्हे, तर मऊ कापडाने आणि रॉकेलने स्वच्छ करून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा आणि जवळून फोटो काढून ठेवावा. हाच क्रमांक छताच्या आतल्या बाजूला आणि मॅटखालच्या फळीवर रंगाने लिहून ठेवला, तर चोरी झालेला ट्रेलर रंग बदलला तरी ओळखता येतो.

कॅमेरा घेण्यापूर्वी तो कशासाठी हवा आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. चालत्या ट्रेलरमध्ये घोडा कसा उभा आहे हे पाहणे, गाडी मागे घेताना फळीमागे काय आहे हे पाहणे आणि उभ्या ट्रेलरजवळ रात्री कोण आले हे पाहणे, ही तीन निरनिराळी कामे आहेत. दुकानात एकच कॅमेरा तिन्ही कामे करील असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो एकही नीट करत नाही.

घोड्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा सर्वांत महत्त्वाचा. त्याची जागा ठरवताना घोड्याचे डोळे लक्षात घ्यावेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार, सुमारे ३५० अंशांत दिसते, मात्र उजेडातून अंधारात जाताना त्याची नजर स्थिरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून हालचाल दिसताच पांढरा दिवा लावणारे कॅमेरे आत अजिबात लावू नयेत. बोगद्यात किंवा रात्रीच्या घाटात असा दिवा अचानक पेटला तर घोडा दावे तोडायला बघतो. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा कॅमेरा घ्यावा. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा माणसाला मंद लाल ठिपका दिसतो, ९४० च्या दिव्यांचा तोही दिसत नाही. ९४० चा पल्ला कमी असतो, परंतु ट्रेलरच्या आत दोन-अडीच मीटरपलीकडे बघायचेच नसते.

कॅमेरा पुढच्या कोपऱ्यात, छताला लागून, तिरपा खाली बघेल असा बसवावा. चित्रात घोड्याचे डोके, छातीसमोरचा आडवा दांडा आणि शक्य तर पुढचे खूर एकदम दिसावेत. नुसते कान आणि आयाळ दाखवणारा कॅमेरा निरुपयोगी आहे, कारण घोड्याचा पाय दांड्यावर अडकला तर तो नेमका चित्राबाहेर राहतो. १२० अंशांच्या आसपासचे भिंग लहान ट्रेलरला पुरते. बसवण्यापूर्वी घोड्याला आत उभे करून, मान पूर्ण वर केल्यावर त्याचे डोके कुठपर्यंत पोचते ते खडूने आखावे आणि कॅमेरा त्या रेषेपासून दूर, वाटोळ्या कडांच्या घरात घालावा. टोकदार कोन, लोंबणारी वायर, बाहेर आलेला स्क्रू यांपैकी काहीही आत राहता कामा नये. वायर लोखंडी किंवा जाड पीव्हीसी नळीतून न्यावी. घोडा कंटाळला की दाताला जे लागेल ते चावतो, आणि उभ्या ट्रेलरमध्ये तेच काम उंदीर करतात. कॅमेऱ्याला माइक असेल तर उत्तम. खूर आपटल्याचा आवाज चित्राच्या आधी कळतो.

वायरलेस की वायरचा, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ट्रेलरचे अंग पत्र्याचे असते, पत्रा रेडिओ लहरी अडवतो आणि घाटाच्या वळणावर गाडी व ट्रेलर एकमेकांशी कोनात आले की चित्र नेमके तेव्हाच गोठते. जी व्यवस्था सरळ रस्त्यावर चालते आणि वळणावर बंद पडते, ती घोड्याच्या कामाची नाही. एएचडी प्रकारचा (वायरीतून स्पष्ट ॲनालॉग चित्र पाठवणारा) कॅमेरा, चार पिनांचा स्क्रूने आवळायचा जोड आणि गाडीत पाच-सात इंची पडदा एवढे पुरे. गाडी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, ते आधी पाहावे. कारच्या मागे चालणारा संच ट्रकच्या मागे लावला आणि जळाला, असे होते. वीज घेताना फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवावा. लहान कॅमेऱ्याला साधारण ३ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला पाव अँपिअर लागतो, त्यामुळे तीन अँपिअरचा फ्यूज पुरेसा आहे.

पण खरा घात होतो तो जोडांवर. गावातला इलेक्ट्रिशियन मागच्या दिव्याच्या वायरीला पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून कॅमेरा चालू करून देतो आणि तो त्या दिवशी झकास चालतो. पहिल्या पावसानंतर टेप सोडवून पाहावी: न घासलेल्या तांब्याच्या कळशीला चढावा तसा हिरवा कळंक तारेवर चढलेला असतो, आणि चित्रात आडव्या रेघा येऊ लागलेल्या असतात. यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी, जोड पीळ देऊन नव्हे तर डाग देऊन (सोल्डर करून) करावा आणि त्यावर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवावी. पिनांच्या जोडात विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस भरावे. कॅमेऱ्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळातून टपकते. भोक बुजवायला सिलिकॉन वापरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये. त्यातले ॲसिड तांबे खाते. बिनवासाचे, न्यूट्रल असे लिहिलेले घ्यावे. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण ३०४ प्रतीच्या स्क्रूंवरही किनाऱ्यालगत तांबूस ठिपके येतात. ट्रेलरचे अंग ॲल्युमिनियमचे असेल, तर स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घालावा. नाहीतर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या स्पर्शाने ॲल्युमिनियम पांढरे पडून पोखरते.

मागे घेण्याच्या कॅमेऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची प्रत) किंवा त्याहून वरच्या प्रतीचा असावा, फळी पाडल्यावर तिच्याखाली चिरडणार नाही अशा उंचीवर असावा आणि पुळणीवरून आल्यावर त्याची काच गोड्या पाण्याने धुवावी. कोरड्या फडक्याने पुसल्यास वाळूचे कण काचेवर चरे पाडतात.

उभ्या ट्रेलरवर नजर ठेवणारा कॅमेरा मात्र ट्रेलरवर लावूच नये. तो घराच्या पडवीवर किंवा गोठ्याच्या खांबावर, ट्रेलर आणि त्याच्याकडे येणारी वाट एकदम दिसेल असा लावावा. ट्रेलरवरच्या कॅमेऱ्याला बॅटरीचाच आधार असतो आणि ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीतून पाव अँपिअर ओढला, तर कागदावर २८ तास होतात. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही हे धरले, तर उरतात १४. सौर पत्रा त्याला मदत करतो, पण आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. घरावरच्या कॅमेऱ्याला घरची वीज मिळते. ती वाऱ्या-पावसात जाणारच, म्हणून राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत. सिमकार्डचा कॅमेरा घ्यायचा असेल, तर खरेदीपूर्वी त्याच जागी, पावसाच्या दिवशी फोनवर चित्रफीत पाठवून पाहावी. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत नेटवर्क झाडामागे एक नि झाडापुढे एक असते.

मेमरी कार्डाचा हिशेब असा मांडावा. चित्रण सेकंदाला २ मेगाबिट वेगाने होत असेल तर तासाला सुमारे ०.९ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहू लागते. शिमग्याला गावी येऊन चौथ्या दिवशी चोरी लक्षात आली, तर पुरावा पुसला गेलेला असतो. कॅमेऱ्यातील तारीख-वेळ अचूक आहे ना, ते महिन्यातून एकदा पाहावे. शेजाऱ्याचे अंगण, विहीर किंवा न्हाणीघर चित्रात येऊ देऊ नये. गडग्याच्या हद्दीवरून तीन पिढ्या न बोलणारी घरे आपल्याकडे आहेत, त्यांत कॅमेऱ्याची भर नको.

ट्रेलर खरोखरच गेला तर उरलेल्या खुणांना हात लावण्यापूर्वी ११२ वर कळवावे, कार्ड काढून त्याची प्रत करावी आणि मूळ कार्ड तसेच ठेवून पोलीस ठाण्यात चासिस क्रमांकासह तक्रार नोंदवावी. ट्रेलरच्या चासिसमध्ये स्वतःच्या बॅटरीवर चालणारा जीपीएस ट्रॅकर लपवला असेल, तर तो प्लास्टिकच्या झाकणाखाली असावा. लोखंडी पेटीत बंद केलेल्या ट्रॅकरला उपग्रह सापडत नाहीत.

प्रवासात पडदा चालकाने पाहायचा नसतो, शेजारी बसलेल्या मोतद्दाराने पाहायचा असतो. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत मालवाहू गाडीतून घोडे नेताना प्रत्येक गाडीबरोबर एक परिचर असावा, घोड्यांची तोंडे समोरून येणाऱ्या वाहतुकीपासून दूर, डावीकडे असावीत आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असे सांगितले आहे. कॅमेरा बसवला म्हणून त्या माणसाला घरी ठेवू नये. चित्रात त्याने काय पाहावे, हे आधी ठरवून द्यावे: डोके खाली घेता येते की दावे ताणलेले आहे, घाम मानेवर आहे की कुशीवरही उतरला आहे, एक पाय सतत उचललेला आहे का. शांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो. चढण संपल्यावर गाडी थांबवून, नाकपुड्या पाहून तो मोजावा. बराच वेळ मान वर बांधून ठेवलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतला कफ खाली उतरत नाही आणि फुप्फुसांचा आजार जडू शकतो, म्हणून तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवावे आणि मान मोकळी सोडावी. हे कॅमेरा करून देत नाही.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, उघडीप पाहून, ट्रेलरची दोन्ही दारे उघडून वारा खेळू द्यावा, रबरी मॅट बाहेर काढून उभी करावी आणि खालच्या फळ्यांत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले तर मुतामुळे किंवा वाळवीमुळे लाकूड गेले आहे. कॅमेऱ्यांच्या काचा त्याच वेळी पुसाव्यात. रात्री कॅमेऱ्यांजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि त्याचे जाळे वाऱ्याने हलले की फोनवर रात्रभर इशारे येत राहतात. दोन रात्रींनंतर माणूस इशारे बंद करून झोपतो. कॅमेऱ्याच्या घराच्या मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे का, तेही बोटाने चाचपून पाहावे. गेल्या श्रावणात माझ्या आतल्या कॅमेऱ्याचे चित्र धूसर झाले, तेव्हा मी भिंग बदलायला निघालो होतो. मागची दोन इंच माती खरवडून, ओली झालेली सिलिका जेलची पुडी बदलली आणि घर दिवसभर उन्हात ठेवले, तेव्हा संध्याकाळी चित्र पुन्हा स्वच्छ आले.